रस्त्यापेक्षा भारी ब्रेक

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कानवाले राहतात. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानात बसवायची यंत्रं विकायचं त्यांचं दुकान आहे, खालच्या उताराच्या रस्त्यावर, बेकरीच्या पलीकडे. सगळा जन्म बहिऱ्यांशी बोलण्यात गेल्यामुळे त्यांचा आवाज असा चढून बसलाय, की जिन्यात ते बायकोच्या कानाशी काही कुजबुजले तरी गच्चीवर कपडे वाळत घालणारी माणसं त्याला उत्तर देतात.

स्वभावाने मात्र ताकही फुंकून पिणारा माणूस. रिकामा रस्ता ओलांडतानासुद्धा आधी उजवीकडे बघणार, मग डावीकडे, आणि मग वर. एकदा मी विचारलं, "वर काय बघता?" तर म्हणाले, "कुंड्या." लोकांच्या गॅलरीतल्या कुंड्या कधी डोक्यात पडतील सांगता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर दोन माणसांची, पिवळी, जमिनीला पोट टेकवून पळणारी स्पोर्ट्स कार घेतली, आणि ती घेतली म्हणण्यापेक्षा त्यांच्या गळ्यात पडली. त्यांच्या गिऱ्हाइकांत एक विधवा बाई होती. तिच्या यंत्राची बॅटरी बदलायला हे तिच्या घरी गेले. नवऱ्यामागे ही गाडी गॅरेजमध्ये नुसती उभी होती आणि तिला त्या गॅरेजमध्ये अळिंबी लावायची होती.

"घेऊन तरी जा," ती म्हणाली, "नाहीतर मी हिच्यातच लावते."

कानवाले नुसतं बघायला म्हणून आत बसले. अंगाने ते भरलेले आणि गाडी मोज्यासारखी. बसले ते बसलेच. त्या बाईने एक हात धरला, शेजारच्या सुताराने दुसरा, तरी निघेनात. ती ओढाताण चालू असताना त्यांनी सहज चावी फिरवली, इंजिन गुरगुरलं, आणि त्या गुरगुरण्याने त्यांच्या छातीत काय झालं ते त्यांनाच ठाऊक. "हात सोडा," ते म्हणाले, आणि तसेच गाडीसकट घरी आले.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवते. सगळी इमारत तिला बाईच म्हणते. बाई खाली आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "अहो, लोक बसायला गाडी घेतात. तुम्ही घालायला घेतलीत."

पण गाडी राहिली. कानवाले ती चालवायचे तेही सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत. हॉर्न तेवढा बंद होता, तो त्यांनी दुरुस्त केला नाही. कोणाला दचकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सगळं बिघडलं ते एका घाटात. बहिणीकडून परत येताना लांबलचक उतार लागला. कानवाले सावध माणूस, त्यामुळे माथ्यापासून पायथ्यापर्यंत त्यांनी ब्रेकवरचा पाय काढलाच नाही. अर्ध्या वाटेत चाकांतून करपल्याचा वास आला आणि ब्रेकचा पेडल मऊ पडला. पाय दाबला की उशीत रुतल्यासारखा आत. शेवटच्या वळणावर एका खडीच्या ढिगाने गाडी पोटाशी धरली म्हणून बरं. घरी आले तेव्हा चेहरा चुन्यासारखा. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला, की जगातले सगळ्यात भारी ब्रेक बसवल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

ते गॅरेजवाल्याकडे गेले. गॅरेजवाला उत्साही माणूस होता. ब्रेकचे पॅड म्हणजे चाकामागच्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या वड्या. त्याने कुठून तरी शर्यतीच्या गाड्यांचे पॅड मागवले. खोका उघडल्यावर दोघेही त्यावर वाकले.

"असे मी नुसते चित्रात पाहिलेत," गॅरेजवाला म्हणाला.

खोक्यावर बारीक अक्षरात छापलं होतं, फक्त शर्यतीच्या मैदानासाठी, रस्त्यावर वापरू नये. कानवाल्यांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. आजूबाजूच्या चार दुकानांनाही ते कळलं.

"म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे रस्त्यापेक्षा भारी!" गॅरेजवाला म्हणाला.

कानवाल्यांना ते पटलं. औषधावर लहान मुलांना देऊ नये असं लिहिलेलं असतं ते औषध जोरदार असतं म्हणूनच, तसंच हे.

पॅड बसवून गाडी आमच्या फाटकातून आत आली तो क्षण मी विसरणार नाही. माझं घर तळमजल्यावर, खिडकी फाटकाला लागून. मला वाटलं, कोणीतरी पत्र्याच्या पिंपात मांजरं भरून ते जिन्यावरून सोडलंय. किंचाळी इतकी बारीक आणि इतकी लांब, की हातातल्या कपातला चहा थरथरला. गाडी किंचाळत आली, किंचाळत माझ्या खिडकीसमोरून गेली, आणि किंचाळतच बागेच्या कुंपणात शिरली. मेंदीच्या झुडपांत नाक खुपसून एकदाची थांबली.

कानवाले बाहेर पडले, म्हणजे आम्ही काढले. "थांबली का नाही?" ते स्वतःलाच विचारत होते. "जगातले सगळ्यात भारी ब्रेक आहेत!"

त्यांनी तिथूनच गॅरेजवाल्याला फोन लावला. गॅरेजवाल्याने कुठेतरी वाचलं, कोणाला तरी विचारलं आणि सांगितलं, की अहो, हे शर्यतीचे पॅड गरम झाल्याशिवाय धरतच नाहीत. थंड असले की नुसते ओरडतात. चांगले तापले की मग बघा, भिंतीसारखी थांबेल.

आता दुसरा कोणी असता तर त्याने दुसऱ्या दिवशी जुने पॅड परत घातले असते. पण कानवाल्यांना तो घाट आठवायचा. साधे ब्रेक तापल्यावर दगा देतात हे त्यांनी याचि देही पाहिलं होतं. हे तर तापल्यावर जास्तच धरतात! मग त्यांना तापवून ठेवलं की झालं. आगीतून निघून फुफाट्यात पडल्यावर माणूस जसा म्हणतो, की आग तरी नाही ना, तसं ते चाललं होतं.

रोज सकाळी ते दुकानाला निघायच्या आधी एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर दाबून इमारतीभोवती फेऱ्या मारू लागले. गाडी पुढे जायचा प्रयत्न करतेय, ब्रेक तिला मागे ओढतायत, आणि त्या भांडणाचा आवाज चारही बाजूंच्या खिडक्यांना. कुत्री आधी भुंकायची, मग त्यांनी भुंकणं सोडलं आणि मान वर करून सुरात सूर मिळवायला लागली.

बाई गॅलरीतून विचारायच्या, "अहो, तुम्ही कामाला निघालात, की निघायची तालीम चाललीय?"

"गरम करतोय!" खालून उत्तर यायचं. तेवढ्यासाठी त्यांना आवाज चढवावा लागत नसे.

फेऱ्यांवर तक्रारी आल्या तेव्हा ते माझ्याकडे आले. माझ्या खिडकीतून एक वायर बाहेर घेऊ का, असं फार अजिजीने विचारलं. मी हो म्हटलं. मग रोज सकाळी दुकानाच्या इस्त्रीच्या शर्टात उकिडवे बसून ते बाईंच्या केस वाळवायच्या यंत्राने एकेका चाकावर गरम वारा सोडायचे. मधूनमधून तबकडीला हात लावून बघायचे, आजारी मुलाचं कपाळ बघावं तसं. थंडीत तेवढ्याने भागेना, म्हणून अण्णांची पाठ शेकायची गरम पाण्याची पिशवी पुढच्या चाकात अडकवून ठेवू लागले.

अण्णा म्हणजे बाईंचे वडील, हे त्यांच्याकडेच राहतात. तरुणपणी फुटबॉलच्या सामन्यांचे पंच होते. पाठ ताठ, चाल सरळ, आणि रस्त्यावरून जाताना नेहमी बरोबर मधून, मैदानाच्या मध्यरेषेवरून चालल्यासारखे. त्यांना काहीही ऐकू येत नसे. अर्थात हे त्यांना मान्य नव्हतं. "मला सगळं ऐकू येतं," ते म्हणायचे, "हल्ली लोक पुटपुटतात." साऱ्या गावाला कान देणाऱ्या माणसाच्या घरातच ठणठणाट! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कानवाल्यांनी त्यांच्यासाठी उत्तम यंत्र आणून ठेवलं होतं. अण्णांनी ते साखरेच्या डब्यावर वजन म्हणून ठेवलं होतं, झाकण उडू नये म्हणून.

गाडीच्या किंचाळण्याने इमारतीतल्या माणसांनी कानांत बोळे घातले, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पॅडची भुकटी उडून गंजाचे ठिपके पडले, बाईंच्या चादरींना गोवर आल्यासारखं झालं. अण्णांना मात्र काही पत्ता नाही. ते गॅलरीत बसून म्हणायचे, "गाडी छान शांत आहे हो, जावईबापू."

दुकानात वेगळीच गंमत झाली. वय झालं की माणसाला आधी बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. कानवाल्यांची बरीच गिऱ्हाइकं अशीच. दुकानासमोर गाडी थांबायची तेव्हा बाकावरची सगळी म्हातारी माणसं शांत बसलेली असायची आणि त्यांना घेऊन आलेली मुलं-सुना कानांवर हात ठेवून भिंतीला चिकटलेली. हे बघून कानवाल्यांना युक्ती सुचली. गिऱ्हाइकाला यंत्र बसवायचं, दारात खुर्चीवर बसवायचं, आणि आपण गाडी घेऊन समोरून ब्रेक दाबत जायचं. गिऱ्हाईक दचकलं की यंत्र बरोबर बसलं. नाही दचकलं तर आवाज वाढवायचा आणि पुन्हा एक फेरी. एक आजीबाई तर खुर्चीतून अर्ध्या उडाल्या, आणि मग डोळे पुसत म्हणाल्या, "अगं बाई, किती वर्षांनी कोणीतरी इतकं मनापासून ओरडलं!" त्यांनी आणखी एकदा ऐकवायला सांगितलं.

लांबून लांबून लोक यायला लागले. कानवाले मला म्हणाले, "बघा, वाईटातून चांगलं." बोलताना त्यांच्या डोळ्यांत जरा वेगळी चमक होती. सावध माणसाला एकदा यश मिळालं की तो फार धोकादायक होतो.

मग ती सकाळ आली. बाईंना शाळेच्या कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून केसांचं यंत्र त्यांनी वर नेलं. पाण्याची पिशवी फुटली होती. कानवाल्यांना उशीर झाला होता. "आज हळू जातो," असं मला खिडकीतून सांगून ते थंड गाडी घेऊन निघाले.

फाटकाबाहेर लगेच उतार सुरू होतो. आणि उतारावर पुढे, रस्त्याच्या बरोबर मधून, वर्तमानपत्र वाचत वाचत अण्णा बेकरीकडे चालले होते.

कानवाल्यांनी ब्रेक दाबला. गाडी किंचाळली. थांबली नाही. आणखी दाबला. आणखी किंचाळली. उताराच्या दोन्ही बाजूंच्या झाडून साऱ्या खिडक्या उघडल्या. बेकरीवाला पाव हातात घेऊन बाहेर आला, फुलवालीने टोपली डोक्यावर धरली, शाळेला निघालेली पोरं जागच्या जागी थिजली. सगळा रस्ता वळून बघत होता, आणि ज्याने वळून बघायचं तो एकटा माणूस शांतपणे पान उलटत होता.

"अण्णाऽऽ!" कानवाल्यांनी खिडकीतून हाक मारली. ती हाक नदीपलीकडे गेली असेल. अण्णांपर्यंत गेली नाही.

शेवटी त्यांनी हँडब्रेक ओढला. गाडी चालत्या माणसाच्या वेगावर आली, पण आलीच. त्या बुटक्या गाडीचं नाक हळूच अण्णांच्या गुडघ्यांमागे टेकलं, गुडघे वाकले, आणि अण्णा बॉनेटवर बसले.

पुढचं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही, पण ते पाहणारे आम्ही पुष्कळ होतो. अण्णा बसले ते उठलेच नाहीत. बॉनेट खुर्चीच्या उंचीचं, खालून इंजिनाची ऊब. त्यांनी पान सरळ केलं आणि वाचत राहिले. गाडी किंचाळत त्यांना घेऊन उतरत राहिली. अण्णांनी बेकरीवाल्याकडे बघून मान हलवली, फुलवालीकडे बघून हात केला. एरवी लोक एवढे उभे राहून बघत नाहीत, म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

तेवढ्यात, इतका वेळ घासून घासून, पॅड तापले. आणि गॅरेजवाला म्हणाला होता त्यात तसूभर खोटं नव्हतं, गाडी भिंतीसारखी थांबली. अण्णा मात्र थांबले नाहीत. ते बॉनेटवरून अलगद पुढे सरकले, पायांवर उभे राहिले, त्याच ओघात पाचसहा पावलं चालले, आणि मग कसलीशी शंका येऊन मागे वळले.

गाडी. गाडीत जावई, तोंड उघडं.

"जावईबापू," अण्णा कडाडले, "माणसाने हाक मारावी!"

बाईंनी हे सगळं गॅलरीतून पाहिलं होतं. एका हातात केसांचं यंत्र, अर्धे केस ओले, अशा त्या उतारावरून आल्या. आधी वडिलांना पुढून मागून तपासलं. मग नवऱ्याला गाडीतून ओढून काढलं, एकटीने.

"एकाला ऐकू येत नाही, एकाला थांबता येत नाही," त्या म्हणाल्या, "आणि मी दोघांच्या मध्ये! आजच्या आज दोघांचं बघायचं."

"मला ऐकू येतं," अण्णा म्हणाले.

"मी थांबलो की," कानवाले म्हणाले.

"आधी यांनी पॅड काढावेत," अण्णा म्हणाले. म्हणजे एवढं त्यांना बरोबर ऐकू आलं होतं, किंवा मुलीच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आधी अण्णांनी यंत्र घालावं," कानवाले म्हणाले.

बाईंनी शाळेतल्या पोरांना करतात तसं दोघांना दंडाला धरलं. दुकान उतारावर समोरच होतं. अण्णांना दारातल्या खुर्चीत बसवलं, साखरेच्या डब्यावरचं यंत्र मी धावत जाऊन आणलं, आणि बाईंनी ते स्वतः त्यांच्या कानात घातलं. "चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "शेवटची फेरी."

कानवाले गाडीत बसले. तोवर पॅड पुन्हा निवले होते. गाडी वर जाऊन वळली आणि ब्रेक दाबत, किंचाळत, हळूहळू समोरून आली.

अण्णा खुर्चीतून ताडकन उठले. चेहरा असा झाला, की जणू त्यांच्या मैदानावर कोणी कोणाचा पाय मोडलाय. ते धावत रस्त्यावर गेले, गाडीसमोर उभे राहिले, एक हात आभाळाकडे केला आणि दुसऱ्याने रस्त्याच्या बाहेर बोट दाखवलं. "बाहेर!" ते ओरडले. "ताबडतोब बाहेर!"

कानवाल्यांनी मान खाली घातली आणि गाडी सरळ गॅरेजमध्ये नेली. पंचांशी हुज्जत घालणाऱ्यातले ते नव्हते.

संध्याकाळी अण्णा माझ्या खिडकीशी आले. बराच वेळ कान देऊन उभे राहिले. वरून बाईंचा आवाज येत होता, नळ, चादरी, भिंतीचे डाग, सगळ्याबद्दल एका दमात.

"ही एवढी बोलते?" त्यांनी मला विचारलं. "कधीपासून?"

"मी राहायला आलो तेव्हापासून तरी," मी म्हटलं.

त्यांचा हात कानाकडे गेला. पण यंत्र त्यांनी काढलं नाही.

गाडीला साधे पॅड बसले आणि ती इतरांसारखी, पाय ठेवला की थांबू लागली. कानवाले त्यामुळे जरा हिरमुसले. काढलेले पॅड त्यांनी पुसून दुकानाच्या कपाटात ठेवले होते. पुढे एक मुलगी दुकानात आली. ती शर्यतीत गाड्या चालवायची आणि इंजिनाच्या आवाजाने तिच्या एका कानात शिट्टी वाजत राहायची. कानवाल्यांनी तिचा कान तपासला, आणि मग राहवेना म्हणून कपाट उघडून पॅड दाखवले.

"अय्या," ती म्हणाली, "हे तर माझ्याच गाडीचे!" म्हणजे तिच्या गाडीला चालणारे. "तुमच्याकडे कसे?"

कानवाल्यांनी सगळं सांगितलं. ती हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. तिने पॅड नेले आणि कानवाल्यांना नि बाईंना एका रविवारी शर्यतीच्या मैदानावर बोलावलं.

मैदान गावाबाहेर. बाईंनी डबा घेतला होता, कानवाल्यांनी पावसाची शक्यता नाही हे तीन जणांकडून पक्कं करून घेतलं होतं. मुलीने त्यांना शेजारी बसवून एक फेरी मारायची तयारी दाखवली. ते नाही म्हणाले, मग परत नाही म्हणाले, आणि मग त्यांनी स्वतःच डोक्यावर हेल्मेट चढवलं.

गाडी सरळ रस्त्यावर सुटली तेव्हा बाईंना कठड्यापाशी नुसता रंगाचा एक पट्टा दिसला. पुढे तीव्र वळण होतं. त्या वेगाने कोणी वळणार नाही हे कोणालाही कळावं. बाईंनी डब्याची कडी घट्ट धरली. आणि वळणाच्या तोंडाशी गाडीने जणू दोन्ही हातांनी जमीन पकडली. ना ओरडा, ना कुरकुर. नाक खाली गेलं, वेग गळून पडला, गाडी निमूटपणे वळली आणि पुन्हा सुटली.

फेरी संपल्यावर कानवाले बाहेर आले ते गाडीला धरून धरून. घामाने न्हालेले. बाईंनी त्यांना पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी प्यायली नाही, डोक्यावर ओतली.

"अगं, थांबतात," ते म्हणाले. "काय थांबतात म्हणून सांगू! डोळे बाहेर येतात! मी म्हणत होतो की नाही?"

"म्हणत होतात," बाई म्हणाल्या. त्यांनी पदराच्या टोकाने त्यांचा चष्मा पुसून परत नाकावर ठेवला. "आता बसा, खाऊन घ्या."

कानवाल्यांनी चावी स्वतःच पुढे केली आणि परत येताना पिवळी गाडी बाईंनी चालवली. हे मी बाईंच्याच तोंडून ऐकलं. साधे पॅड, मोकळा रस्ता, बेताचा वेग. आणि शेजारी कानवाले डोळे मिटून, दोन्ही पाय पुढच्या फळीला गच्च रोवून, घरापर्यंत सारखे ब्रेक दाबत बसलेले.